धागा: अडगळीत पडलेला एकच सुपरहिरो लिहायला मिळाला तर कोणता घ्याल?

पोसरोवाली (साखळी)

सरळ मुद्द्यावर येते. बॅटमॅन, स्पायडरमॅन, वुल्व्हरीन नकोत, त्यांच्यावर लिहायला रांग लागलीय. कंपनीने कपाटामागे टाकलेला कोणीतरी सांगा, जो तुम्हाला मनापासून लिहायला आवडेल. आणि नुसतं नाव टाकून पळू नका, गोष्ट कुठली लिहाल तेही सांगा.

माझी निवड मा हंकेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ॲबिगेल हंकेल, न्यूयॉर्कमधली बाई, वाणसामानाचं दुकान चालवते, अंगाने दणकट, तोंडाने फटकळ. शेल्डन मेयर या संपादक-चित्रकाराने तिला १९३९ मध्ये ऑल-अमेरिकन कॉमिक्समध्ये आणलं, तेही स्क्रिबली नावाच्या व्यंगचित्रं काढणाऱ्या पोराच्या मालिकेत, शेजारपाजारची बाई म्हणून. पुढच्या वर्षी काय होतं, घरातली पोरं ग्रीन लँटर्नचं कौतुक करत बसलेली, गल्लीत गुंडांचा उच्छाद, मग ही बाई लाल लांब अंडरवेअर चढवते, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं पातेलं डोक्यावर उपडं घालते आणि निघते गुंडांना चोपायला. नाव रेड टॉर्नेडो. वंडर वुमन यायला अजून वर्ष होतं, हे लक्षात घ्या. पॉवर शून्य. लोकांना वाटतं आत कोणीतरी बाप्या आहे.

ऑल स्टार कॉमिक्सच्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या टोळीची पहिली बैठक भरते, तिथेही ही पोचते आणि पँट फाटली म्हणून परत जाते. हसायला येतं, येऊ दे. पण नंतर काय झालं बघा. १९६८ मध्ये रेड टॉर्नेडो हे नाव डीसी कंपनीने एका अँड्रॉइडला, म्हणजे माणसासारख्या रोबोटला, देऊन टाकलं. आज नाव शोधलं तर लाल तोंडाचा रोबोटच पुढे येतो. लेखक जेफ जॉन्सच्या काळात तिला परत आणलं खरं, पण आजी करून, सोसायटीच्या म्युझियमची देखभाल करायला. बाकीचे जग वाचवायला बाहेर आणि ही घर सांभाळायला आत. झालं कल्याण.

आता माझी गोष्ट. १९४२, अमेरिकेत रेशनिंग सुरू होतं, खाण्यापिण्यात सगळ्यात आधी साखर, मग वर्षअखेरीला कॉफी. दुकानदारीण असलेल्या हिरोला याच्यापेक्षा चांगला काळ कुठला मिळणार? आमचं पोसरो, म्हणजे दुकान, आजीच्या वेळेपासूनचं आहे म्हणून सांगते, गल्लीत कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा पगार झाला नाही, कोण अचानक दुप्पट तेल न्यायला लागलंय, हे पोलिसांच्या आधी दुकानाला कळतं. बॅटमॅनकडे कॉम्प्युटर आहे, मा हंकेलकडे उधारीची वही आहे. काळाबाजार करणाऱ्यापर्यंत ती वहीवरूनच पोचते. आणि खरा पेच तिथे सुरू होतो, कारण वहीत जे दिसतं ते फक्त गुंडाचं नसतं, शेजारणीचंही असतं, जिने पोराच्या बारशाला चोरून साखर घेतलीय. पातेलं डोक्यावर चढवून गुंडाला बडवणं सोपं. शेजारणीचं काय करायचं?

बोला आता.

शिगमोबॉय (फोंडा)

ताई राग मानू नका पण हे जोक कॅरेक्टर आहे. एक अंक मजा येईल, दुसऱ्यात पातेल्याचा विनोद संपला. हिरोला पॉवर पाहिजे हो, नाहीतर मग सुपर कशाला म्हणायचं.

माझा नील शारा. एक्स-मेनमधला थंडरबर्ड, आपल्या कलकत्त्याचा, २००० साली ख्रिस क्लेरमाँटने आणलेला, अंगातून सूर्यासारखा प्लाझ्मा सोडतो. एवढा भारी आणि नंतर गायब. भारतीय म्युटंट, क्लेरमाँटसारखा लेखक, तरी कोणाला आठवत नाही म्हणजे कमाल आहे. मी लिहिला तर त्याला डायरेक्ट कॉस्मिक लेव्हलला नेणार, सूर्यच विझायला लागलाय असं काहीतरी.

पोसरोवाली

सूर्य विझायला लागलाय हे संकट झालं रे, गोष्ट कुठाय? नील शाराला काय हवंय, कशाची लाज वाटते, घरी कोणाशी बोलत नाही, ते सांग. तो विसरला गेला कारण त्याला सगळ्यांनी प्लाझ्माच दिला, दुसरं काही दिलंच नाही.

देसाय_काणकोण

भारतीय पाहिजे तर अरानी देसाई घ्या की! सेल्सियस. डीसीच्या डूम पेट्रोल या सुपरहिरो गटाची दुसरी टीम, शोकेस अंक ९४, साल १९७७, पॉल कुपरबर्ग आणि जो स्टेटन. एका बाजूने उष्णता, दुसऱ्या बाजूने थंडी, आणि टीमची लीडर. सत्तरच्या दशकात अमेरिकन कॉमिकमध्ये देसाई आडनावाची बाई लीडर! आमच्या काणकोणात दगड मारला तर देसायाला लागतो आणि मला ही कॉलेजात गेल्यावर कळली.

काय केलं तिचं? आली तीच चीफची, म्हणजे डूम पेट्रोलच्या प्रमुखाची, बायको म्हणून, सगळी धडपड नवऱ्याभोवती, आणि अकरा-बारा वर्षांत एका मोठ्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे अनेक मालिकांची पात्रं एकत्र आणणाऱ्या गोष्टीत, मारून टाकली. अशा क्रॉसओव्हरमध्ये कोणीतरी मरायला लागतंच, मग मागच्या बाकावरचे आधी. मी लिहिणार ती नवऱ्याशिवायची. तिचं बालपण, ती घरातून का निघाली, इथपासून. नवरा पहिल्या पन्नास पानांत दिसणार नाही.

पोसरोवाली

हे वाचेन मी. विकत घेऊन वाचेन.

जुना_वेताळ (म्हापसा)

मुलांनो, तुम्ही सगळे अमेरिकेत जाऊन बसलात. इंद्रजाल कॉमिक्स कोणाला आठवतात का? १९६४ ते १९९०, टाइम्सवाले काढायचे, मराठीतही यायची. शुक्रवारच्या बाजारात मासळी आणि मिरच्या घेऊन झाल्या की रद्दीवाल्याकडे मी आणि भाऊ उकिडवे बसायचो, वडील ओरडेपर्यंत. मामाचं घर पैंगिणीला, तिथे देवळात वेताळ आणि माझ्या हातातल्या पुस्तकात जांभळ्या कपड्यातला घोड्यावर बसलेला वेताळ, म्हणजे फँटम, आजीने एकदा ते चित्र बघून हात जोडले होते. असो.

तर माझा माणूस बहादूर. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची, पुढे जगजित उप्पल लिहायचे. भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या हातून मेलेला, आणि पोरगा सूड घ्यायचा सोडून गावकऱ्यांना एकत्र करून नागरिक सुरक्षा दल उभं करतो. मुखवटा नाही, पॉवर नाही. मास्क न लावता हिंडणारा हिरो म्हणजे गावाला त्याचं घर माहीत आहे, हा धोका कोणी नीट लिहिलाच नाही. इंद्रजाल बंद पडली आणि बहादूर तिथेच राहिला.

आता माझी कल्पना. ७६ मध्ये तो पंचविशीच्या आसपास धरा, म्हणजे आज सत्तरी ओलांडली. डाकू संपले. दलातली माणसं म्हातारी झाली, त्यांची पोरं शहरात गेली, आणि पूर्वी ज्याच्या बापाला त्याने पकडून दिलं तो आज गावचा आमदार आहे, रीतसर निवडून आलेला. गोळी घालून सुटणारा प्रश्न नाही. आणि एक सांगू, स्वतः आबिद सुरतींनी म्हातारपणी काय केलं माहितीय का? मीरा रोडला रविवारी प्लंबरला घेऊन घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला लागले, पाणी वाचावं म्हणून. २००७ पासून. हा माणूस बहादूरचा जन्मदाता शोभतो बाबा! माझा म्हातारा बहादूर तसलंच काहीतरी करत असेल, हातात बंदुकीऐवजी पाना.

शिगमोबॉय

काका पण तो सुपरहिरो नाहीये ना टेक्निकली. डोगा, सुपर कमांडो ध्रुव घ्या मग.

जुना_वेताळ

ध्रुवलाही पॉवर नाही रे बाबा, सर्कशीत वाढलेला पोरगा तो. आणि त्याला अडगळीतला म्हणालास तर राज कॉमिक्सवाली पोरं तुला फोंड्याला येऊन शोधतील.

मानशीवाला (चोडण)

मी दोन दिवस वाचत होतो, आता लिहितो. मॅन-थिंग. मार्व्हलचा. डीसीचा स्वॅम्प थिंग नव्हे, दोघे दलदलीतले राक्षस १९७१ च्या दोन-तीन महिन्यांत आगेमागे आले आणि कायम गल्लत होते, त्यात स्वॅम्प थिंगला पुढे ॲलन मूरसारखा लेखक भेटला आणि त्याचं सोनं झालं. आमचा चिखलातच राहिला.

टेड सॅलिस नावाचा शास्त्रज्ञ, कॅप्टन अमेरिकाला घडवणारं सुपर सोल्जरचं औषध पुन्हा बनवायच्या मागे असतो, जिवावर बेतल्यावर ते स्वतःला टोचून घेतो आणि फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समधल्या दलदलीत कोसळतो. त्यातून जे उठतं त्याला बोलता येत नाही, विचारही जवळपास नाहीच, फक्त समोरच्याच्या भावना त्याला जाणवतात. भीती त्याला सहन होत नाही. जो घाबरतो तो याच्या स्पर्शाने जळतो. बस, एवढंच. सत्तरच्या दशकात स्टीव्ह गर्बरने ज्या काही गोष्टी लिहिल्या त्या लिहिल्या, त्यानंतर अधूनमधून कोणीतरी त्याला बाहेर काढतं, पाहुणा म्हणून उभं करतं, परत ठेवून देतं.

लोक म्हणतात ज्याला विचारच नाही तो हिरो लिहायचा कसा, मला उलट वाटतं. त्याच्या डोक्यात शिरायचंच नाही. गोष्ट आजूबाजूच्या माणसांची. माझा व्हिलन असा की त्याला भीती वाटतच नाही, बिल्डर समजा, गोड बोलणारा, रात्री शांत झोपणारा. मॅन-थिंग त्याला धरतो आणि काहीही होत नाही, चिखल फक्त कोटाला लागतो. आणि फाईलवर सही करणारा जो साधा कारकून आहे, घरी आजारी बायको, नोकरी जाईल म्हणून थरथरणारा, तो जळतो. वाईट माणूस वाचला आणि घाबरट माणूस मेला. मग गावाने या राक्षसाला आपला म्हणायचं की नाही? याच्यावर मी सहा अंक लिहू शकतो.

तिकडच्या खऱ्या गोष्टीपण भरपूर आहेत. १९६८ मध्ये एव्हरग्लेड्सच्या दलदलीत अवाढव्य विमानतळ बांधायला घेतला होता, विरोध झाला आणि १९७० मध्ये काम थांबवलं, एक धावपट्टी तेवढी झालेली, ती अजून आहे. कालवे काढून पाणी वळवलं, उसाची शेती आली, पाण्याची वाट बदलली. आपल्याकडे हे वाचून कोणाला काही आठवलं तर माझी जबाबदारी नाही.

रातपाळी (बांबोळी)

कारकून जळतो हे भारी आहे. त्रासदायक पण भारी.

मी डॉक्टर मिड-नाइट. चार्ल्स मॅकनायडर, १९४१. सर्जन, गुंडाने टाकलेल्या ग्रेनेडने आंधळा होतो, मग एका रात्री खिडकी फोडून घुबड आत येतं, हा डोळ्यांवरची पट्टी काढतो आणि कळतं की मिट्ट काळोखात याला स्वच्छ दिसतं, उजेडात नाही. ते घुबड पाळतो, नाव हूटी. काळोख पसरवणारे बॉम्ब फेकतो आणि त्या काळोखात फक्त यालाच दिसतं. जस्टिस सोसायटीच्या ग्रुप फोटोत कायम मागे उभा.

घुबड घरात शिरलं म्हणून आमच्याकडे कोणी खूश झालं नसतं पण ते सोडा. मला त्याची मारामारी लिहायचीच नाही. रात्री दोननंतरचं हॉस्पिटल लिहायचंय. सगळ्यांना वाटतंय डॉक्टरला दिसत नाही त्यामुळे त्याच्यासमोर माणसं चेहरा लपवत नाहीत, खोटं बोलताना नातेवाईक काय करतात, पेशंट एकटा असताना कसा दिसतो, हे सगळं लाइट घालवले की त्याला दिसतं. ज्याने हे सगळं बघितलंय त्याने कोणाला सांगायचं? मी रात्रपाळी करते, मला माहितीय अशा गोष्टी सकाळी चहाच्या टपरीवर बोलता येत नाहीत.

शिगमोबॉय

ओके ओके. मला कळतंय तुम्ही सगळे काय करताय. पॉवरमुळे काय अडतं ते शोधताय. मग नील शाराला असं करतो, त्याला अंगातली आग पूर्ण बंद करता येत नाही, त्यामुळे तो कलकत्त्याला घरी जाऊन आईच्या शेजारी झोपू शकत नाही. व्हिडिओ कॉलवर हिंमत करून हसतो. चालेल?

पोसरोवाली

धावेल! आता सूर्याला हात लावू नकोस.

वकिलीण (मडगाव)

रंगाचा बेरंग करत नाही, पण कोणी उत्साहाच्या भरात छापून जत्रेत विकायला बसू नका. इथे गप्पा मारणं, घरी लिहून मित्रांना दाखवणं वेगळं. ही पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत. आपल्या कायद्यात साधारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. अमेरिकेत त्या काळातल्या, नूतनीकरण केलेल्या प्रकाशनांना ९५ वर्षं. पोसरोवाली, तुझ्यासाठी गंमत: मा हंकेल १९३९ ची, म्हणजे तिकडे तिची पहिली गोष्ट २०३५ च्या १ जानेवारीला मोकळी होईल. पण लाल कपडे आणि पातेलं १९४० चं, त्याला २०३६. एक वर्षभर तुला ती फक्त दुकानात बसलेली लिहिता येईल.

ज्यांना थांबायचं नाही त्यांनी फँटोमा बघा. फ्लेचर हँक्स, १९४०, जंगलाची रक्षणकर्ती, चिडली की सोनेरी केसांखाली चेहऱ्याची कवटी होते. तीही वंडर वुमनच्या आधीची. तिकडे ती कधीच मोकळी झालीय. लेखन भयंकर आहे, चित्रं त्याहून भयंकर, मला प्रचंड आवडतात.

पोसरोवाली

वर्षभर फक्त दुकानात बसलेली मा हंकेल. अगो, हीच तर मला हवीय!

देसाय_काणकोण

एक सुचवू का, मा हंकेलला गोव्यात का नाही आणत? पोर्तुगीज काळ, १९५५ नंतरची नाकेबंदी, भारतातून माल यायचा बंद, बटाटे हॉलंडवरून यायचे असं आजी सांगते, रात्री सीमेवरून चोरटी ने-आण. साखर, रेशन, काळाबाजार सगळं तयार आहे. नाव बदललं की वकिलीणबाईंचा प्रश्नपण मिटला.

पोसरोवाली

मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण नाही. ती गोष्ट वेगळी, तिला वेगळी बाई लागेल, जिला दारात पोर्तुगीज शिपाई बघून जीभ आवरावी लागते. मा हंकेल जीभ आवरत नाही, न्यूयॉर्कच्या त्या गल्लीत तिला तशी गरजच पडली नाही. तिला उचलून इथे आणली तर नुसती साडी नेसवल्यासारखं होईल. तुझ्या आजीची गोष्ट तू लिही ना, कोणाचं पात्र उसनं न घेता. आणि पातेलं नको घालूस.

जुना_वेताळ

बरोबर बोलली. आमच्या दशावतारात संकासूर कुठल्याही गावात जाऊन धुडगूस घालतो आणि लोक हसतात, कारण तो कुठलाच नसतो. दुकानदारीण मात्र एका गल्लीचीच असते.

बरं, पहिलं पान लिहिलंस का? दहा दिवस झाले, गप्पाच चालल्यात.

पोसरोवाली

लिहिलंय, कच्चं आहे. टाकते.

पान १. चौकट एक: दुकान, सकाळ, दारावर हाताने लिहिलेला बोर्ड, साखर फक्त कुपनावर. चौकट दोन: रांग, सगळ्या बाया, एकमेकींच्या पिशव्यांकडे बघतायत. चौकट तीन: मा हंकेल तराजूवर पुडा ठेवतेय, समोर शेजारीण. शेजारीण: "थोडी जास्त घाल की, कोण बघतंय." चौकट चार: मा हंकेलचा क्लोज-अप. काही बोलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा. चौकट पाच: काउंटरखाली उघडी वही, तिच्याशेजारी पातेलं, त्यात बटाटे ठेवलेत. चौकट सहा: मा हंकेल: "मी बघतेय ना. पुढची!"

शिगमोबॉय

पातेल्यात बटाटे 😂 ताई माझे शब्द मागे. पण मारामारी कितव्या पानावर?

पोसरोवाली

अकराव्या. धीर धर.

मानशीवाला

चौकट चारमध्ये "आयुष्यात पहिल्यांदा" हे चित्रात कसं दाखवणार? चित्रकाराला ते वाचून काही काढता येणार नाही. तिसऱ्या चौकटीच्या आधी तिला रांगेतल्या दोघीतिघींशी तडतडताना दाखव, मग गप्प बसली की आपोआप कळेल.

पोसरोवाली

घेतलं. चौकट दोन फोडते मग, एका पानात आठ होतील, चालतंय.

रातपाळी

आणि साखर किती ते ठरव. १९४२ मध्ये सुरुवातीला माणशी आठवड्याला अर्धा पौंड होती. पौंडच लिही, किलो लिहिलंस तर ती थेट साखळीच्या बाजारात येऊन पडेल.